मायनं तिला सांगितलं

आज नातवाला सुई टोचायला नेलं आणि स्पिरिटच्या वासानं यवतमाळच्या दवाखान्यातली एक सकाळ आठवली.

मायच्या पोटात गाठ होती आणि ती ऑपरेशनला तयारच होत नव्हती. मी तीन दिवस तिच्याशी भांडत होते, "काहून नाही म्हणून राह्यली वं माय?" ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

एक शिकाऊ डॉक्टरीण रोज तपासायला यायची. पहिल्या दिवशी तिनं थंडगार हातांनी पोट दाबलं, तशी माय ओरडली आणि पोरगीच रडकुंडीला आली. त्या सकाळी मात्र तिनं आधी तळहात एकमेकांवर चोळून गरम केले. मग खाटेवर बसून विचारलं, "आजी, भीती कशाची वाटते?" आणि मायच्या उत्तराची वाट बघत बसली.

"तिथं लुगडं काढतेत म्हणे," माय हळूच म्हणाली. "बाप्ये राह्यतेत."

"मी जवळ थांबीन. चादर मीच धरीन."

माय हसली. "मंग चाल."

मी शेजारीच डब्यातली भाकर कुस्करत होते. पोटची पोर मी, आणि मायनं सांगितलं तिला!

मी विचारत नव्हते, नुसती रागावत होते, हे आता कळतं. कळलं तरी जळणं थांबत नाही. माय पुढं आठ वर्षं जगली. कोणी ऑपरेशनचं विचारलं की ती त्या पोरीचं कौतुक सुरू करायची, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायचे.