व्हर्लाचे हिरवे ठिपके

...तर तो मधाची बरणी घेऊन आलेला माणूस, लसविरोधी संघटनेचा. काल नेमकी तिथंच जेवायची हाक आली आणि गोष्ट अर्धी राहिली. तो गाडीतून उतरला, दारातल्या पायपुसण्याला बूट स्वच्छ पुसले (शहरातला असून पुसले, हे मुद्दाम सांगतो) आणि शाळेच्या ऑफिसात व्हर्लाच्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. बसच्या किल्ल्या टांगायच्या निमित्ताने मी तिथंच रेंगाळत होतो.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या गावाला सलाम करायला आलोय. मुलांच्या लसीला ठाम नकार देणारी एवढी कुटुंबं अख्ख्या राज्यात दुसऱ्या कुठल्या शाळेत नाहीत. शंभरातली चौतीस! टॅमरॅक फ्लॅट म्हणजे वाघांचं गाव आहे."

आणि बरणी पुढे सरकवली. त्याच्या स्वतःच्या मधमाश्यांचा मध.

व्हर्लाचा चेहरा बीटासारखा लाल झाला. मला तर हसू आवरेना, मी खोकल्याचं सोंग केलं. कारण आम्हा दोघांना ठाऊक होतं की गावात लसीच्या खरोखर विरोधात असलेलं घर एकच. डोंगरावरचे ते क्रिल. त्यांची पोरं दोन. बाकीच्यांचा लसीशी काही झगडा नव्हता. त्यांची कार्डं सापडत नव्हती, एवढंच. वाघ कसले, विसराळू होते सगळे.

मध व्हर्लाने उघडला नाही. कपाटावर, जुन्या रजिस्टरांच्या मागे ठेवून दिला.

व्हर्ला हॉगस्टॅड एकतीस वर्षं आमच्या शाळेच्या ऑफिसात आहे. मुख्याध्यापक आले आणि गेले, ती खुर्ची हलली नाही. नवरा ऑरिन आरागिरणीत, दोन्ही मुली लग्न होऊन समुद्राकडच्या गावांत. हिच्या उजव्या हाताच्या खणात जोडीदार हरवलेले हातमोजे. एकेक पोर येतं आणि "मिस व्हर्ला, हात गारठले" म्हणतं. मग एका हाताला लाल, एका हाताला निळा. दात पडला तर छोट्या पाकिटात घालून वर नाव लिहून देते, घरी उशीखाली ठेवायला. पोट दुखतंय म्हणून कुणी आलं, की कपाळावर हात ठेवून सांगते, "ताप नाहीये. गणिताची परीक्षा आहे. जा."

तिच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं. "पहिल्या दिवशी एकही पोर मी दारातून परत पाठवलेलं नाही." ते म्हणताना ती जरा ताठ बसायची, आणि का नाही बसावं? पहिल्या दिवशी नवं दप्तर पाठीला लावून आलेल्या सहा वर्षांच्या पोराला "घरी जा, तुझा कागद नाही" असं सांगणं तुम्हाला जमेल का? मला नाही जमणार.

आता कायदा असा की शाळेत नाव घालताना लसींचं कार्ड दाखवायचं. नाही दाखवलं तर सूट मागणाऱ्या अर्जावर आईबापांनी सही करायची. एक पान, खाली एक रेघ. डॉक्टर नको, कारण नको. कागद पुरे झाले की पोराच्या फाईलवर व्हर्ला हिरवा ठिपका चिकटवणार. पहिली घंटा व्हायच्या आत सगळ्या फाईली हिरव्या. ही तिची हौस. आणि कार्डापेक्षा अर्ज सोपा. कार्ड शोधायला अख्खं घर उपसावं लागतं, अर्जाला एक पेन लागतं.

गेल्या सप्टेंबरात, शाळेच्या पहिल्या दिवशी, मार्नी सोरेल आली. व्हर्लाच्या हाताखालून गेलेली मुलगी, तेव्हा दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना. बरोबर थोरला, कोडी. दप्तरावर ट्रॅक्टरचं चित्र. तो आमच्याकडे न बघता सरळ वर्गाच्या दारात जाऊन उभा.

"मिस व्हर्ला, कार्ड सापडत नाहीये. घर बदललं त्यात कुठल्या खोक्यात गेलं देव जाणे. आणि शाळेत जायच्या आधीची ती शेवटची लस राहिलीच आहे त्याची."

"नर्स गुरुवारी येते. काउंटीच्या मुख्य गावी."

"बावन्न मैल! आणि गुरुवारी मी दुकानात असते. मग आज घरी नेऊ का याला?"

"घरी कशाला न्यायचं? हे घे, सही कर. लस सवडीने टोचून घे."

मार्नीने अर्ज वाचला. "पण आम्ही काही लसीच्या विरोधात नाही, मिस व्हर्ला."

"ते मला सांगतेस? नुसता कागद आहे गं."

सही झाली, हिरवा ठिपका लागला, कोडी वर्गात. आणि ठिपका लागला की ती फाईल पुन्हा कुणी उघडत नाही. व्हर्लासुद्धा नाही.

मी कुणाला नावं ठेवणार? आमच्या नातीची फाईलही अशीच हिरवी झाली. तिची आई नौदलात, पोर आमच्याकडे. "कार्ड माझ्या गाडीतच कुठंतरी असेल," मी म्हणालो. व्हर्लाने कागद सरकवला, मी सही ठोकली. मी म्हणालो, "व्हर्ला, तू निवडणुकीला उभी राहा, इतक्या झटपट कुणी काम करत नाही." दोघंही खो खो हसलो. ते हसणं आता आठवलं की बरं वाटत नाही.

फेब्रुवारीत तो खोकला मी पहिल्यांदा ऐकला, बसमध्ये. बस चालवणारा पाठीनेच ऐकतो. मागच्या बाकावरून एक उबळ, दुसरी, तिसरी, श्वास घ्यायला जागाच नाही, आणि मग ओढलेल्या श्वासाचा तो आरवल्यासारखा आवाज. मी आरशात बघितलं. कोडी. "अरे, तोंडावर हात धर!" एवढं म्हणालो आणि गिअर बदलला. हिवाळ्यात सगळीच पोरं खोकतात.

डांग्या खोकला होता तो. कोडीची राहिलेली लस नेमकी त्याचीच.

काउंटीच्या आरोग्य खात्याकडून निरोप आला की सूट घेतलेली सगळी पोरं एकवीस दिवस घरी ठेवा. यादी वाचून एकेक घरी फोन करायचं काम व्हर्लाचं. एक्केचाळीस नावं.

"अहो, पण आमच्या पोराला सगळ्या लसी टोचल्यात!"

"मग कार्ड आण."

आणि काय सांगू, सप्टेंबरात कुणालाच न सापडणारी कार्डं दुपारपर्यंत सापडली! एक फ्रीजच्या मागे, एक बायबलमध्ये, एक मासे पकडायच्या गळांच्या डब्यात. आमच्या नातीचं खरोखरच माझ्या गाडीत, टायरच्या पावतीला चिकटलेलं. तीस पोरं तशीच परत वर्गात बसली. उरली अकरा. दोन क्रिल. बाकी नऊ जणांच्या घरी लस टोचायला सवड काढायची राहूनच गेली होती.

मार्नीची धाकटी, विनी, तेव्हा सहा आठवड्यांची. एवढ्या तान्ह्या बाळाला ती लस देताच येत नाही, घरातल्यांना झालेली असेल तेवढाच तिला आडोसा. एका सकाळी दूध पिता पिता ती खोकली, निळी पडली आणि श्वासच थांबला. मार्नीने पाठीवर थोपटून थोपटून परत आणला. हेलिकॉप्टर उतरायला गावात सपाट जागा एकच, शाळेचं फुटबॉलचं मैदान. पोरं खिडक्यांना चिकटली होती. व्हर्लाही उभी होती. बर्फ उडत होतं, मार्नी बाळाला छातीशी धरून वाकून पळत होती, आणि मी व्हर्लाकडे बघितलं तर तिच्या हातात कोडीची फाईल.

एकोणीस दिवस विनी स्पोकेन शहरातल्या हॉस्पिटलात होती. वाचली. पण मग गावात एक विचित्रच गोष्ट झाली. चर्चमध्ये मार्नी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केलीत, जेवणं पाठवलीत. पण हे माझ्यामुळे झालं. मी आळस केला." बायका डोळे पुसू लागल्या. व्हर्ला माझ्यापुढच्या बाकावर होती. तिची मान खाली. वर आलीच नाही.

पुढे दोन वेळा ती मार्नीच्या दारापर्यंत गेली आणि एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, रश्श्याचं भांडं पायरीवर ठेवून परत आली. तिसऱ्या वेळी माझ्या बसमध्ये येऊन बसली, पोरं उतरून गेल्यावर. "मला मार्नीकडे सोड. आणि आत ये. नाहीतर मी पुन्हा पायरीवरूनच वळेन."

गेलो. मार्नीच्या खांद्यावर विनी, खोकला अजून होताच. व्हर्लाने कोडीची फाईल टेबलावर ठेवली.

"आळस तुझा नव्हता. माझा होता."

"काहीतरीच काय, मिस व्हर्ला! सही माझी आहे."

"अर्ज तू मागितलाच नव्हतास. तू सांगितलंस, आम्ही विरोधात नाही. मी ऐकलं आणि तरी दिला. मला फाईल हिरवी करायची होती."

मार्नीने फाईल उघडली, आपली सही बघितली आणि मिटली. मी माझ्या टोपीकडे बघत राहिलो. व्हर्ला ताठ उभी होती, कुणी थोबाडीत मारणार असेल तर चुकवायची नाही अशी. आणि मार्नीने काय केलं असेल? विनीला तिच्या हातात दिलं. "जरा धरा हिला. मी कॉफी ठेवते."

परतीच्या वाटेवर व्हर्ला एवढंच म्हणाली, "ती ओरडली असती तर बरं झालं असतं."

त्या वसंतात तिने नखाने खरवडून नऊ फाईलींवरचे ठिपके काढले आणि मुख्याध्यापकांच्या मागे लागून शाळा उघडायच्या आठवड्यात गुरुवारी काउंटीच्या गावी एक बस न्यायची परवानगी मिळवली. बस अर्थातच मी चालवणार. मी तिला विचारलं, "मधाचं काय करणार?" तर म्हणाली, "राहू दे तिथंच. मला दिसायला हवा."

या सप्टेंबरात, पहिल्या दिवशी, ब्रॉक आला. लाकडाचा ट्रक चालवतो. हाही तिच्याच हाताखालचा, गणिताच्या दिवशी पोट दुखणाऱ्यांतला. बरोबर मुलगी, पहिलीतली, दोन वेण्या, नवे बूट.

"मिस व्हर्ला, कार्डबिर्ड काही नाही. तो एक पानाचा कागद द्या, सही करतो आणि पळतो. ट्रक चालू ठेवलाय."

"तुला लस नको आहे, ब्रॉक, की तुला गुरुवार नको आहे?"

"हा काय प्रश्न झाला? नुसता कागद तर आहे!"

"लस नको असेल तर खुर्चीवर बस, शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाच, आणि सही कर. कायद्याने तुझा हक्क आहे, मी अडवणार नाही. गुरुवार नको असेल तर पोरीला आज घरी ने."

पोरीचा ओठ थरथरायला लागला. ब्रॉकने माझ्याकडे बघितलं, मी किल्ल्यांकडे बघितलं.

"एकतीस वर्षांत कुणाला परत पाठवलं नाहीत तुम्ही," ब्रॉक म्हणाला, आता जरा चिडून. "गेल्या वर्षी तर सगळ्या गावाला वाटलेत ते कागद. मग माझ्याच पोरीला का रडवताय?"

तिने काय उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

"सगळ्या गावाला वाटले, म्हणूनच. तुझी पोरगी आज रडेल, आणि तू आठवडाभर माझ्या नावाने बोटं मोडशील, ते मी सोसेन. मार्नी माझ्यावर अजून एकदाही चिडली नाही, ते मला सोसत नाही. गुरुवारी सकाळी आठला बस निघते, मी पुढच्या बाकावर असेन, तिला माझ्या शेजारी बसव. आणि पोटभर खाऊ घालून आण, उपाशीपोटी सुई टोचली की पोरांना भोवळ येते."