दोन मराठी शून्यं

माझ्यावर एकदा देवाची कृपा झाली. ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही, कारण ती सांगायची म्हणजे आधी माझी लाज सांगावी लागते. आता वय झालं, लपवून तरी काय करायचं?

ते दिवस निजामाच्या अमलातले. पदार्थविज्ञान शिकून मी हैदराबादेत रेडियमच्या कामाला लागलो होतो. डॉक्टर कर्करोगाच्या गाठीत रेडियमच्या बारीक सुया खोचत. किती सुया, किती अंतरावर आणि किती तास, हे गणित माझं. तास कमी पडले तर गाठ उरते, जास्त झाले तर चांगलं मांस जळून जातं. याच मोजमापावर माझं संशोधन चाललं होतं आणि त्याचा मला भारी ताठा होता. पूजाअर्चा करणाऱ्यांना मी हसत असे. जे मोजता येतं तेच खरं, असं म्हणून घरच्यांना दुखवायची मला खोडच लागली होती.

शहरापर्यंत येऊ न शकणाऱ्या रोग्यांसाठी एकदा मी शिशाच्या पेटीत रेडियम घेऊन बेल्लमपल्लीच्या एका लहान दवाखान्यात गेलो. तिथे नार्नूरकडची एक मराठी शेतकरीण आली होती. तिच्या गालात गाठ होती; तिथल्या डॉक्टरांनी तीत सुया खोचल्या. सोबत सासू, गळ्यात एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ. मूळचा मी त्याच बाजूचा. बऱ्याच दिवसांनी आपली बोली कानावर पडली आणि मी खुलून बोलत बसलो. सुया कधी काढणार, असं सासूने विचारलं. शंभर तासांनी, मी म्हणालो. तास कसा ओळखायचा, तर पहारेकरी दर तासाला एकदा टोल वाजवतो, टोलाला एक तास. एवढं सांगून त्याच तंद्रीत मी नर्ससाठी कागदावर तास लिहिले आणि बेज्जूरकडे दुसरे रोगी पाहायला निघून गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी परतलो तर व्हरांड्यात गलका. सासू नर्सचा पदर सोडत नव्हती. तास भरले, सुया काढा, एवढंच तिचं चाललं होतं. मी कागद पाहिला. त्यावर एकशे पंचावन्न तास होते, माझ्याच हस्ताक्षरात. मला राग आला. चार दिवसांच्या प्रवासाने अंग आंबलं होतं. मी तिला सगळ्यांदेखत झापलं, की हे जोंधळे मोजायचं काम नाही, घड्याळाचं तुम्हांला काय कळतं?

ती घाबरली नाही. तिने माळ पुढे केली. आठ मणी सोडून तिने एक लाल दोरा बांधला होता आणि तिचं बोट त्या दोऱ्याला टेकलं होतं. "तुमीच तं शंभर म्हणले सायेब. टोलाले एक मणी, मणीमागं रामाचं नाव. झोप लागली तं पहारेवाला हालवून उठवे. एक बी टोल सुटला नाई."

तिला खोटं पाडायला मी माझी हिशेबाची वही उघडली. वहीत शंभर होते.

दवाखान्याचा सारा कारभार उर्दूत. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोल काढला की तो पाच. त्या दिवशी मराठीत बोलता बोलता मी उर्दू एकापुढे दोन गोल मराठी शून्यं काढून ठेवली होती. नर्सने ते एकशे पंचावन्न वाचलं, आणि नंतर मीसुद्धा तेच वाचलं. अजून पंचावन्न तास सुया राहिल्या असत्या तर त्या बाईचा गाल आरपार जळाला असता. मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो आणि त्यांनी सुया काढल्या.

डॉक्टरांनी काय झालं विचारलं तेव्हा मी म्हणालो, वाचण्यात चूक झाली. त्यांनी नर्सकडे पाहिलं, तिने मान खाली घातली आणि मी गप्प राहिलो. वर सासूने माझे पाय धरले, तुमी देवमाणूस म्हणाली, आणि मी तेही घेतलं. आजही ते आठवलं की पाय पोटाशी ओढून घ्यावेसे वाटतात.

पुढे तीन महिने माझं गणितात लक्ष लागेना. शेवटी बेल्लमपल्लीला जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं, नर्सची हात जोडून माफी मागितली आणि तिथून नार्नूरकडे गेलो. सून कापूस वेचत होती, गालावर नुसता एक वण. सासूला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मले मालूम होतं. वही पाह्यली तवा तुमचं तोंडच उतरलं होतं."

"मंग पाया काऊन पडल्या माह्या?"

"तुमी लय भेले होते बाबा. पाया पडले नसते, तं तुमी पुढच्या बाईले सुई लावली असती का?"

मी तिथेच काळ्या मातीत बसून रडलो आणि मग तिच्या पाया पडलो.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी हे काम केलं. तास आकड्यात कधी लिहिले नाहीत, अक्षरात लिहिले, आणि दर वेळी रोग्याच्या माणसांना सांगितले: तुम्हीही मोजा, माझं चुकू शकतं. हे वाक्य म्हणताना मी मनातल्या मनात हात जोडत असे. आजही देवापुढे मला दुसरं काही म्हणता येत नाही.