घरी आणणारं घड्याळ

रोज सकाळी रामटेके काका आपल्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या अगदी मधोमध उभे राहत, डावा हात आकाशाकडे उंच धरत आणि जागचे हलत नसत. दूधवाला हॉर्न वाजवून दमायचा. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, नव्यानं राहायला आलेल्यांना वाटे, हे आपल्यालाच हात करताहेत. तेही हात वर करून "जय भीम, काका" म्हणत पुढे जात. काका तोंडानं उत्तर देत, पण हात खाली घेत नसत. "थांब बेटा, वरून हुकूम यायचा हाये," ते मला म्हणत. मनगटावरचं घड्याळ थरथरलं, म्हणजे त्याला उपग्रह सापडले, की हुकूम आला. हात वर न धरताही ते सापडतात, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! "सापडत असन," ते म्हणायचे, "पन आपून होऊन समोर जावं. बरं दिसते."

काका माझ्या बाबांचे जवाहरनगरच्या फॅक्टरीतले सोबती. ते तपासणी खात्यात होते. आलेला नग हातात घ्यायचा, फिरवून पाहायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. आंबे, चपला, पाहुणे, सगळ्यांची तपासणी व्हायची. मला सांगून आलेलं एक स्थळही त्यांनी दारातच नापास केलं होतं. बरंच केलं म्हणायचं, त्या मुलाचे पुढचे प्रताप ऐकले तेव्हा बाबांनी त्यांना मुद्दाम बोलावून चहा पाजला.

फॅक्टरीचं क्वार्टर सोडल्यावर काका-काकूंनी वसाहतीबाहेरच्या आमच्याच लेआउटमध्ये घर बांधलं. त्यांचं घर या टोकाला, आमचं त्या टोकाला. सकाळी वसाहतीतल्या झाडांखालून लांबवर एकट्यानं चालून येणं, एवढं एकच व्यसन काकांना होतं. जाताना आमच्या फाटकाशी थांबून "उठली का वो मास्तरीन?" असं ओरडायचं, हाही त्या व्यसनाचाच भाग. शांताकाकूंच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, त्या आपल्या फाटकापर्यंतच.

मग काका चुकायला लागले. एका सकाळी ते सरळ आपल्या जुन्या क्वार्टरमध्ये जाऊन व्हरांड्यात बसले आणि आतल्या बाईंकडे त्यांनी पेपर मागितला. त्या भल्या बाईंनी पेपर दिला, पाणी दिलं आणि कोणाकडून तरी नंबर मिळवून काकूंना फोन केला. आम्ही हसण्यावारी नेलं. पण असं पुन्हा झालं, मग पुन्हा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की विसरणं वाढत जाईल. पुण्याहून अमोलचा, त्यांच्या मुलाचा, निरोप आला की बाबांना आता एकटं बाहेर सोडायचं नाही. काकूंनी फाटकाला कुलूप लावलं.

काकांनी आरडाओरडा केला नाही. फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले आणि म्हणाले, "शांते, मी नापास झालो का?"

त्यानंतर ते बोलेनासे झाले. फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसायचे, पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. काकू माझ्याकडे येऊन रडल्या. "कुलूप काढलं तं मानूस हरपते, लावलं तं मानूस सुकून राहिला. काय करू, बेटा?"

पळणाऱ्या लोकांच्या हातात असतं ते घड्याळ मला आठवलं. निघताना बटण दाबलं की जिथून निघालो ती जागा ते लक्षात ठेवतं, आणि परतताना बाण दाखवत तिथंच आणून सोडतं. ऑनलाइन पाहिलं तर नव्याची किंमत बघूनच काकूंनी चष्मा काढून ठेवला. खाली एक रिफर्बिश्ड होतं, म्हणजे कोणीतरी परत केलेलं, कंपनीनं दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेलं. पट्टा गुलाबी, म्हणून आणखी सवलत.

"कोनाच्या हातातून उतरलेलं हाये, कोन जाने," काकूंनी नाक मुरडलं.

आणि इतक्या दिवसांनी खुर्चीतून आवाज आला. "अवो, एकदा वापस येऊन नीट झालेला मालच पक्का रायते. त्याले दोनदा तपासलं असते. नवीन वस्तूचा काय भरोसा? तिची खोड अजून कोनाले मालूम नाई. हेच मांगव, बेटा."

घड्याळ आलं त्या दिवशी काकांनी भिंग काढलं. काचेवर एक बारीक चरा सापडला, तो त्यांनी मला दोनदा दाखवला. मग घड्याळ कानाला लावलं. "टिकटिक नाई. चांगलं हाये, चुपचाप काम करते." पास! पांढऱ्या शर्टाची बाही नीट खाली ओढून तिच्यावर त्यांनी तो गुलाबी पट्टा बांधला. हसू आवरायला मी स्वयंपाकघरात गेले, तर काकू तिथं आधीच पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

ठरलं असं, की बटण काकूंनीच दाबायचं आणि आपल्या फाटकाशीच दाबायचं. सकाळी त्या कुलूप काढत, तव्यावरच्या भाकरीला बोट लावावं तसं घाबरत बटण दाबत, आणि मग काकांचा हात वर जाई. ते परत येईपर्यंत काकू फाटकाशीच खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसत. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत, हे मी पाहिलेलं आहे.

एकदा काका परत येताना आमच्याकडे थांबले. चेहरा दमलेला. म्हणाले, "आज घड्याळाचं अन् डोक्याचं भांडन झालं. डोकं म्हने, घर उजव्या हातानं, आपल्या क्वार्टरमंदी. घड्याळ म्हने, डाव्या हातानं चाल. दोघंबी आयकतच नव्हते."

"मग?"

"मग डोक्याले म्हटलं, तू चूप बस आता. लय वर्सं तुह्यंच आयकलं." आणि ते हसले. मला मात्र हसता आलं नाही. स्वतःच्या डोक्याला नापास करणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काका मागच्या थंडीत गेले, थोड्या दिवसांच्या आजारानं, घरीच. लोक त्यांच्या फॅक्टरीतल्या गोष्टी सांगतात. मला मात्र ते आठवतात ते एका रविवारच्या सकाळचे.

त्या दिवशी काकूंना ताप होता. त्यांनी कुलूप काढलं आणि बटण दाबायचं विसरून आत जाऊन पडल्या. काका आमच्या फाटकापर्यंत आले, तेव्हा घड्याळ चालू नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी बटण तिथंच दाबलं. हे सगळं नंतर उलगडलं. मला दिसलं ते एवढंच, की फिरणं आटोपून काका बाणाकडे पाहत पाहत आमच्याच फाटकातून आत आले, चपला काढल्या, बैठकीतल्या खुर्चीत बसले आणि आतल्या बाजूला ओरडले, "शांते, चहा मांड!"

"काका, हे माझं घर," असं सांगायला किती वेळ लागला असता? पण ते इतके निवांत बसले होते की माझी जीभच उचलेना. मी हळूच काकूंना फोन केला आणि आधण ठेवलं.

काकू शेजारणीच्या स्कूटीवरून आल्या, तापानं लाल झालेल्या. दारातून आत येणाऱ्या बायकोकडे काका बघतच राहिले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या बाबांच्या फोटोवर गेली, घड्याळावर गेली, माझ्यावर आली. मी चहाचा कप घेऊन तशीच उभी.

"हे तं वसंताचं घर होय," माझ्या बाबांचं नाव घेऊन ते हलकेच म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला आणि घड्याळ काकूंपुढे धरलं. "आता घड्याळबी गेलं. लाव तू कुलूप. मी काई म्हननार नाई."

 काकू काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, त्यांचा हात मांडीवर ओढून घेतला आणि पट्टा परत बांधला. मग आपल्या घरात असल्यासारखं मला म्हणाल्या, "मलेबी दे वो अर्धा कप. अन् यायच्या कपात साखर कमी टाक." काकांना म्हणाल्या, "गरम हाये तवर घ्या. बटन मीच भुलली होती. घड्याळाची काई चूक नाई, अन् तुमचीबी नाई."

काकांनी बशीत चहा ओतला. फुंकर घालून ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर काकू अंगावर शाल घेऊन फाटकाशी बसलेल्या, आणि खुर्चीत काका नव्हते. ते एकटेच फिरायला गेले होते. माझ्याच्यानं राहवेना. "काकू, कालच्या दिवसानंतरही तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लागते ना भेव. रोज लागते," काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पन कुलपात ठेवलेला मानूस घरी हाये, असं मी कोन्या तोंडानं म्हनू?"