शेवंतीचं पांघरूण

महिपतीकाकांना मी तोंडावर काका म्हणतो. मनात काय म्हणत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बासष्टीचा, किडकिडीत, एका गुडघ्यातून गेलेला हा माणूस कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, आणि दोन वर्षं मी त्याच्यावर जळत होतो.

तीस वर्षं काकांनी उल्हासनगरच्या लग्नांत घोडी चालवली. वर नवरदेव, खाली काका, लगाम हातात. डीजेचा दणदणाट असो, फटाक्यांची माळ असो, त्यांची घोडी बिचकली असं कुणी कधी पाहिलं नाही. मग गुडघा गेला. वरातीत तीन-तीन तास उभं राहणं जमेना, तेव्हा त्यांनी शेवंती मला विकली आणि अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. शेवंती म्हणजे आठ वर्षांची पांढरीशुभ्र घोडी. सगळे म्हणाले, जितेशने नशीब काढलं.

नशीब कसलं! माझी पत्र्याची शेड बदलापुरात बारवी धरणाच्या रस्त्याला आहे. काकांचं घर एका अंगाला आणि रिक्षाचा नाका दुसऱ्या अंगाला, त्यामुळे सकाळी पावणेसातला ते लंगडत लंगडत माझ्या शेडवरूनच जाणार. ते कधी थांबत नसत, आत डोकावतही नसत. पण वळणावर त्यांचं पाऊल वाजलं रे वाजलं की शेवंती चारा सोडून मान वर करायची आणि अशी खिंकाळायची, की आमच्या शेजारच्या विठामावशींचं घड्याळ त्यावर चालायचं. दोन वर्षं मी तिला खरारा करत होतो, चणे-गूळ भरवत होतो, तिच्या खुरांतली घाण काढत होतो. माझ्यासाठी तिने कधी साधा कानसुद्धा टवकारला नाही.

"दुसरेपणाची आहे ती," माझी बायको स्वप्नाली हसायची. "पहिल्याला विसरायला टाइम लागतो." मला हसू यायचं नाही.

गेल्या डिसेंबरात थंडीने कहर केला. शेवंती वरातीतून घामाघूम व्हायची आणि उघड्या टेम्पोतून वारा खात घरी यायची. एका सकाळी काका पहिल्यांदाच शेडपाशी थांबले. तेही तोंड रस्त्याकडे करून.

"जितेश, पांघरूण घे तिला. पन जाड नको हां. आधी दोरीनं माप घे, छातीपासनं शेपटीपर्यंत."

एवढं बोलून ते गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घोडी माझी, आणि माप घ्यायला यांनी शिकवायचं? वर तोंडही दाखवायचं नाही! आणि जाड नको म्हणजे काय? थंडीत जाड नको, तर काय नेटचा पडदा घालू? मी मनाशी ठरवूनच टाकलं, की म्हाताऱ्याला मी तिला सुखात ठेवलेलं बघवत नाही, म्हणून हा उलटा सल्ला देतोय. दुसऱ्याच्या मनातलं मला भलतंच लवकर कळतं.

त्याच दुपारी मी उल्हासनगर गाठलं. ब्लँकेटच्या दुकानात सिंधी शेठने एकावर एक थप्पी लावली. "डबलबेड का है ना? ये देखो, मिंक. हाथ लगाओ भाई, मख्खन."

"घोडी के लिए चाहिए," मी म्हणालो.

शेठने ती थप्पी बाजूला सारली. मग त्याने आणखी जाड काढलं. "तो फिर ये लो. डबल प्लाय."

लालभडक, मधोमध हा एवढा मोर. ते खांद्यावर टाकून मी बदलापूर स्टेशनपासून चालत निघालो, सगळ्यांनी बघावं म्हणून. घरी येऊन स्वप्नालीकडून त्याला बंद शिवून घेतले, शेवंतीच्या अंगावर घालून छातीशी गच्च आवळून बांधले आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातला बाहेर उभा राहिलो. काका आले. आत न बघता गेले. शेवंती मोरासकट खिंकाळली.

तीन आठवडे मी ते रोज घालत होतो. पांढऱ्या घोडीची कातडी आतून काळी असते, हे मला माहीत होतं. ती दिसायची वेळ माझ्यामुळे येईल हे माहीत नव्हतं. जानेवारीत एका सकाळी पांघरूण काढलं, तर दोन्ही खांद्यांवर तळहाताएवढे काळे डाग. केस घासून पार गेलेले. पाठीवर घामाच्या पुरळाच्या पुटकुळ्या. मी हात लावायला गेलो तर ती दात विचकून अंगावर आली. ज्या घोडीने वरातीत नाचणाऱ्या पोरांचे धक्के मुकाट सोसले, ती माझा हात बघून मागे सरत होती.

लग्नाचा सीझन तर गेलाच. बँडवाल्याने डाग बघितले आणि म्हणाला, "फोटोत काय दाखवू, झेब्रा?" पण खरं सांगतो, मला त्याचं एवढं काही वाटलं नाही. ती माझी व्हावी म्हणून मी हे सगळं केलं होतं, आणि होती नव्हती तेवढीही ती माझी राहिली नव्हती.

"काकांना विचारा," स्वप्नाली म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

रविवारी काकांची सुट्टी असते. मी गेलो तेव्हा ते अंगणात बसून गुडघ्याला तेल लावत होते. बनूकाकींनी चहा दिला. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता हे ऐकवतील. काकांनी फक्त विचारलं, "खांदा फुटलाय का नुसते केस गेलेत?" आणि चपला घातल्या.

शेडपाशी आल्यावर मात्र ते आत येईनात. पत्र्याच्या बाहेर उभे राहिले. आत शेवंतीने वास घेतला आणि थयथयाट मांडला.

"तू जा आत. मी इथनं सांगतो."

आणि खरंच त्यांनी बाहेरून सगळं सांगितलं. आधी हळदीचं तेल, बोटानं, केसांच्या दिशेनं. मग दोरी. छातीच्या मधोमध धरून कुशीवरनं शेपटीपर्यंत. केवढी भरली? वीतभर जास्त घे, चालताना खांदा मोकळा पाहिजे. घामेजलेली असेल तर आधी जुनं सुती धोतर टाक, घाम टिपू दे, अंग सुकलं की मग लोकरीची घोंगडी. खांद्यापाशी आतून जुन्या रेशमी साडीचा तुकडा लाव, म्हणजे घासणार नाही. पोटाखाली गाठ नको. त्यांचा आवाज ऐकून शेवंती उभी राहिली, आणि मला हात लावू दिला. ती बधली ती माझ्या हाताला नव्हे, त्यांच्या आवाजाला. तेवढ्यातही मला ते खुपलंच.

"काका, आत या की," मी शेवटी चिडून म्हणालो. "ती ओरडतेय तुमच्यासाठी. एवढा कसला भाव खाता?"



"आत आलो तर परत मागीन तिला," काका म्हणाले. "म्हनून बघत नाय. रोज तुझ्या दारावरनं जाताना तुझा असा राग येतो ना पोरा, काय सांगू. खाते तुझ्या हातचं, राहते तुझ्याकडं."



"मग मला विकलीत कशाला?"

"कल्यानचा एक जन मागत होता. चांगला तबेला होता त्याचा. पन तिथनं हिचा आवाज आला नसता."

मी बाहेर येईपर्यंत ते वळणापर्यंत पोचले होते.

नवी घोंगडी तयार व्हायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी मी शेवंतीला ती घातली आणि शेडमधून काढून थेट रस्त्याच्या कडेला आणून बांधली. मागितली तर मागितली.

पावणेसातला काका आले. तिला बघून मधेच थांबले. मग जवळ आले, तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. नाक्यावर शेअर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काकांनी तिच्या खांद्यावरून हात फिरवला, छातीवरचा बंद दोन बोटं सैल केला आणि म्हणाले, "अजून घट्टच बांधतोस."

आणि कामावर गेले. मागितलं काही नाही.