पहिल्या वळणापर्यंत

पास काकांची जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल दोनच मतं असायची. पास किंवा रिजेक्ट. आईच्या हातचा चहा पास. सोसायटीची नवी लिफ्ट रिजेक्ट. दुसऱ्या मजल्यावरचा नवा जावई ‘पास, पण पॉलिश कमी’. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तयार माल तपासला होता आणि निवृत्त झाल्यावरही तपासणं थांबलं नव्हतं. वारज्यात ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा बिल्डिंगमधल्या मुलांनी महिनाभरात हे नाव पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, “नाव पास.”

दर रविवारी सकाळी सातला काका-काकू बाहेर पडायचे. नियम असा की बसने जायचं आणि जेवायच्या वेळेला घरी परत यायचं. तेवढ्यात बसेल तेच बघायचं. “लोक काश्मीर बघून येतात आणि पर्वतीला पायऱ्या किती हे त्यांना सांगता येत नाही,” असं ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचे.

मी या फेऱ्यांमध्ये शिरले ती काकूंच्या गुडघ्यांमुळे. सपाट जागी त्या सगळीकडे हिंडायच्या, पण टेकडी आली की पायथ्याशी बसून राहायच्या. त्यांना सोबत हवी होती. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीच्या दिवशी खोलीबाहेर पडत नव्हते. आईने मला परस्पर देऊन टाकलं. काकांनी दारातच मुलाखत घेतली.

“फार बोलतेस का?”

मी नकारार्थी मान हलवली.

“पास.”

काका नेहमी दहा पावलं पुढे चालायचे. काकू पिशवी सावरत मागून. दोघंही मूळची अकोल्याची, पण पुण्यात आल्यावर काकांची वऱ्हाडी पहिल्याच वर्षी गेली आणि काकूंची कधीच गेली नाही. “लग्नातबी हे असेच पुढं चालले, बाप्पा,” त्या मला सांगायच्या. “मी मांगं धावून राहिली शालू धरून.” काका मागे न बघता म्हणायचे, “ऐकू येतंय.”

पाताळेश्वरच्या लेण्यात त्यांनी मला माहितीचा फलक मोठ्याने वाचायला लावला होता. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे जोडाक्षरं आली की मी अडखळायचे. एक अवघड शब्द सोडून मी पुढे गेले. त्यांनी लगेच पकडलं. “हळू वाच, पण गाळू नकोस. गाळलेलं रिपोर्टात दिसत नाही. मग कुठेतरी भलतीकडे फुटतं.” मी तो शब्द पुन्हा वाचला. मागे उभी असलेली शाळेच्या सहलीतली मुलं हसली. काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही वाचून दाखवा मग.”

टेकडीवरून उतरल्यावर ते काकूंसमोर उभे राहून रिपोर्ट द्यायचे. पायऱ्या किती, वारा कसा, नवीन काय, मोडलं काय. काकू डोळे मिटून ऐकायच्या. वर न जाताही त्यांना सगळ्या टेकड्या पाठ होत्या. आमच्या घरामागच्या टेकडीचा रिपोर्ट मात्र वेगळा असायचा. त्या रविवारी काकू निघण्याआधी गॅलरीत त्यांची केशरी साडी वाळत घालायच्या आणि काकांनी वरून ती शोधायची.

“साडी दिसली. नऊ वाजून दहा मिनिटं. डावीकडचा चिमटा सुटलाय.”

“तिथून चिमटा दिसते काय? काहीबी सांगून राहिले!”

घरी जाऊन बघावं, तर चिमटा खरंच सुटलेला असायचा. काका तो निघतानाच बघून ठेवत असणार, हे मला दिसत होतं. मी बोलले नाही.

तिसऱ्या वर्षी लांबच्या फेऱ्या कमी होत गेल्या. बसला गर्दी, स्टॉप हलवला, रस्ता खणला. दर वेळी काही तरी रिजेक्ट व्हायचं आणि आम्ही घरामागच्या टेकडीवरच जायचो. डिसेंबरातल्या एका रविवारी काका पाण्याची बाटली विसरून वर गेले. काकूंनी मला त्यांच्यामागे पाठवलं. मला खूप चढावं लागलं नाही. पहिल्या वळणापलीकडे, एका दगडावर काका बसले होते. थंडीतही मान घामाने भिजलेली होती आणि एक हात छातीवर होता.

“काका, डॉक्टरकडे…”

“दाखवतो पुढच्या आठवड्यात.” श्वास जुळवायला त्यांना वेळ लागला. “हे रिपोर्टात घ्यायचं नाही. तिला कळलं तर टेकडी बंद. मग रविवारी काय, भिंती बघायच्या?”

अर्ध्या तासाने ते खाली आले आणि काकूंसमोर उभे राहिले. “दिसली,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर पाच महिने असंच चाललं. ते वळणापर्यंत जायचे, अर्धा तास बसायचे आणि खाली यायचे. वेळ नाही, चिमटा नाही, नुसतं “दिसली.” मी दोनदा डॉक्टरांचं विचारलं. दोन्ही वेळा उत्तर ‘पुढच्या आठवड्यात’ असं होतं. जिन्यात काकू एकट्या भेटायच्या तेव्हा मी मनात वाक्य जुळवायचे, मराठीत, काना-मात्रेसकट. पण तोंडून निघायचं, “भाजी आणायला चाललात?” मी गप्प राहते म्हणूनच पास झाले होते, असं मी स्वतःला सांगत राहिले.

मे महिन्यात एका बुधवारी, अंघोळ करून टॉवेल वाळत घालताना काका गॅलरीत कोसळले. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, “आधी कधी त्रास झाला होता?” काकू म्हणाल्या, “नाही हो. दर रविवारी टेकडी चढतात.” मी त्यांच्या मागे उभी होते.

काका गेल्यानंतरची पहिली दिवाळी झाली आणि काकूंनी अकोल्याला भावाकडे कायमचं जायचं ठरवलं. त्याआधीच्या रविवारी त्या आमच्या दारात आल्या. “साडी घातली वाळत. एकदा पाहून येतं काय?”

त्या पायथ्याच्या नेहमीच्या बाकड्यावर बसल्या. मी वळण आणि तो दगड ओलांडून पहिल्यांदाच माथ्यावर गेले. साडी दिसत होती. दूर, इमारतींच्या गर्दीत एक केशरी ठिपका, पण स्पष्ट.

खाली येऊन मी सांगितलं, “दिसली, काकू.”

“दिसते न! ते खरंच सांगायचे.” त्यांनी पदराने डोळे पुसले. इथे थांबले असते तर चाललं असतं. मी खोटं काही बोलले नव्हते, फक्त गाळलं होतं. मग मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. दगड, घाम, पुढचा आठवडा, पाच महिने. वाक्यं जुळवली नाहीत.

त्या रागावल्या नाहीत. मांडीवरची पिशवी बाकड्यावर ठेवून म्हणाल्या, “दाखव कुठं ते.”

माझा हात धरून, पाच-पाच पावलांवर थांबत त्या निघाल्या. वळण आलं. एकूण एक्याऐंशी पावलं झाली होती. काकांनी मोजली असती म्हणून मी मोजली. काकू त्या दगडावर टेकल्या आणि समोर बघत राहिल्या. तिथून घर दिसत नव्हतं, की साडीही. दोन झाडांच्या मधून फक्त खालचं बाकडं दिसत होतं, आणि त्यावर काकूंची पिशवी.

‘दिसली’ म्हणजे साडी की आणखी कोणी, हे काकांनी त्या पाच महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. रिपोर्टात ते खोटं कधी लिहीत नसत.

काकूंनाही ते कळलं असावं. त्या बाकड्याकडे बघत होत्या आणि हाताने दगडावरची शेजारची जागा चाचपत होत्या. तिथे आणखी एक माणूस सहज बसलं असतं.

“इथपर्यंत तं मी आली असती गं, पोरी,” त्या म्हणाल्या.