कोऱ्या बर्फाच्या पायघड्या

माझ्या विहीणबाईंना मी ऑस्ट्रियातल्या एका डोंगरावर गळ्यापर्यंत बर्फात पुरलं, आणि त्यामागचा माझा हेतू अगदी चांगला होता.

विहीणबाई म्हणजे नलिनीबाई, माझ्या जावयाच्या आई. नेरळला शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मी कळंबची मंदा. शनिवार-रविवारी रिसॉर्टांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवते. (बोलताना मी हाय-नाय करते. इथे आहे-नाही लिहिलंय, कारण नलिनीबाई हे वाचणार आहेत.) आमचं दोघींचं दोन वर्षं वाकडं होतं, आणि त्याला कारण एक चादर.

लग्नात वरमाई मांडवात येते तेव्हा तिच्या पायाखाली पायघड्या घालतात. कोरं पांढरं कापड अंथरायचं, तिने त्यावरून चालत यायचं. माझ्या सायलीच्या लग्नात आम्हीही घातल्या. फक्त त्या कोऱ्या नव्हत्या. पाहुणे बसतात ती बिछायतीवरची चादर होती. तिच्यावर चपलांचे ठसे होते आणि मधोमध आदल्या दिवशीच्या हळदीच्या जेवणातला वरणाचा डाग होता, चांगला पुरीएवढा. नलिनीबाई डागापाशी थांबल्या. खाली बघितलं, वर माझ्याकडे बघितलं, डागाला वळसा घातला आणि पुढे गेल्या. त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. फोनवर सायलीला म्हणायच्या, "तुझ्या माहेरी तुडवलेल्या कापडावरून मान देतात."

मग सायली आणि जावई निखिल नोकरीसाठी ऑस्ट्रियाला गेले आणि तिथेच नातू झाला. बाळंतपणाला मी गेले, डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन. बारशाला नलिनीबाई आल्या. दोन खोल्यांचं घर, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत आम्ही दोघी एकमेकींना "मीठ द्या" एवढंच म्हणणार. बाहेरच जास्त उबदार वाटायचं.

बारसं रविवारी होतं. बारशाला बाळ पाळण्याखालून द्यायला एक बाई लागते आणि पलीकडून घ्यायला दुसरी. दोन बाजूंना दोन आज्या, असं सायलीने पोट दिसायला लागल्यापासून मनात धरलेलं. नलिनीबाईंनी सांगून टाकलं, "मी पाळण्याशी उभी राहणार नाही. मला आग्रह करू नका." सायली बाथरूममध्ये नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात रडणं लपत नाही, हे मुलींना कधी कळणार कोण जाणे. मी ठरवलं, रविवारच्या आत विहीणबाईंचा रुसवा काढायचा, मग काहीही होवो. (झालंच.)

निखिल मनाने साधा. त्याने आम्हा दोघींची नावं स्कीइंगच्या वर्गात घातली. "आई, एकत्र पडलात की एकत्र हसाल," म्हणाला. आम्ही एकत्र पडलो. हसलो नाही.

शिकवणारी पोरगी सायलीपेक्षाही लहान. पायांत लांब पट्ट्या अडकवायच्या, हातांत दोन काठ्या धरायच्या, थांबायचं असेल तेव्हा पुढची टोकं जवळ आणून त्रिकोण करायचा. ती ओरडायची, "पिझ्झा, पिझ्झा." मी मनात चतकोर भाकरी धरली आणि मला जमलं. नलिनीबाईंचा त्रिकोण भूमितीच्या फळ्यावर काढल्यासारखा नेमका, पण त्या थांबतच नसत.

तिसऱ्या दिवशी पोरीने आम्हाला तारेवरच्या लोंबत्या पाळण्यातून वर नेलं, लांबच्या सोप्या उतारावर. बाकीचा वर्ग तिच्या मागोमाग घसरत गेला. आम्ही दोघी वर उभ्या.

"तुमी पुढं व्हा, विहीणबाई," मी म्हणाले.

"नाही, तुम्ही व्हा."

"असं कसं? मान तुमचा हाय."

"तुमच्याकडचा मान मला माहीत आहे, मंदाताई."

हे चालू असताना वर्ग खाली ठिपक्याएवढा झाला. मी पुढचा उतार बघितला. सकाळपासून शेकडो माणसं गेलेली, बर्फ खरवडलेला, मळलेला. पुन्हा तुडवलेल्यावरूनच न्यायचं ह्यांना? तेवढ्यात बाजूला एक दोरी दिसली. दोरीपलीकडे पांढराशुभ्र उतार, एक पाऊल नाही. दोरीला जर्मनमधली पिवळी पाटी लटकलेली. आता आमच्याकडे कार्यात दोरी कशाला बांधतात? मानाच्या पाहुण्यांची जागा राखायला.

मी काठीने दोरी वर उचलून धरली. "या हिकडनं. ही कोरी हाय. कोनाचा पाय नाय लागला."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"राखीव असंल."

नलिनीबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ज्या बाईने आयुष्यभर पोरांना पाट्या वाचायला शिकवल्या, ती बाई मान खाली घालून दोरीखालून गेली. मागून मी.

पहिले दहा हात स्वर्ग होता. मग तो कोरा बर्फ आम्हाला आत घ्यायला लागला. खरवडलेला उतार निदान टणक तरी होता. इथे पट्ट्या बुडाल्या, त्रिकोण बुडाला, आणि नलिनीबाई न थांबता एका सूचिपर्णी झाडाखाली गेल्या आणि उभ्याच्या उभ्या खाली. वर राहिलं हेल्मेट, दोन हात आणि चष्मा.

"हात द्या," म्हणत मी वाकले. माझा घोटा कट्कन वळला, मी कमरेपर्यंत रुतले, आणि झाडाला धक्का लागून वरच्या फांदीने सगळा साठा आमच्या डोक्यावर सोडला.

आता गंमत संपली. रस्ता दिसेना. आम्ही हाका मारल्या, त्या परत आमच्याकडेच आल्या. नलिनीबाईंचे ओठ निळे पडले. "मंदाताई, माझ्या पायाखाली काहीच लागत नाहीये," त्या हळू म्हणाल्या. मी मफलर काढून त्यांचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं आणि कुलस्वामिनीला हाक मारली. मी घाबरले होते. लेकीच्या घरी बारशाच्या आठवड्यात तिच्या सासूचं तेरावं घालायची वेळ मी आणली होती.

"मुद्दाम केलंत ना?" त्या म्हणाल्या.

"हितं? बया, मीपन रुतलेय की."

"लग्नात. हे जाऊन वर्ष झालं नव्हतं. तुमच्या मांडवात बायका कुजबुजत होत्या, विधवेला कसल्या पायघड्या म्हणून. मी ऐकलं. आणि मग ती चादर आली." त्यांनी डोळे मिटले. "पाळण्याशी उभी राहिले तर तेच होणार. तुमचे सगळे फोनवर बघणार. मला रुसलेली म्हटलेलं चालतं. ते दुसरं नाही सोसत."

मला रडूच आलं. पाळण्याचा रुसवा हा रुसवाच नव्हता.

"कोरं कापड आनलं व्हतं मी, कर्जतच्या बाजारातनं," मी म्हणाले. "माझ्या थोरल्या जावंनं लपवलं. म्हनली, नाय घालायच्या. आमची जुंपली, आन् तुमी दारात येऊन उभ्या. मग मी बसल्या पाव्हन्यांना उठवलं, त्यांच्या बुडाखालची चादर वढली आन् माझ्या हातानं तुमच्या पायाखाली घातली. डाग दिसला मला. पन तुमाला बिनकापडाचं आनलं असतं तर जाऊ जिंकली असती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"घरचं उनं व्याह्यांना कसं सांगायचं?"

नलिनीबाईंनी मफलर बांधलेला माझा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या वरणाला नावं ठेवली."

"वरन चांगलं व्हतं."

"वरण चांगलं होतं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी रडत रडत हसायला लागलो. ते हसणं ऐकूनच आमचा पत्ता लागला, असं शिकवणाऱ्या पोरीने नंतर सांगितलं.

पोरगी बचावपथकातली लाल जॅकेटवाली दोन माणसं आणि एक घसरगाडी घेऊन आली. त्यांनी आम्हा दोघींना ओढून बाहेर काढलं, पण गाडीवर जागा एकीची.

"आधी ह्यांना न्या," मी म्हणाले.

"छे, आधी ह्यांना," नलिनीबाई म्हणाल्या.

"मान तुमचा हाय."

"तुमचा पाय मोडलाय."

लाल जॅकेटवाल्याने आधी आमच्याकडे बघितलं, मग पोरीकडे, आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. शेवटी घोट्याने निकाल दिला. मला गाठोड्यासारखं बांधून त्यांनी खाली आणलं. उतारावरचे सगळे बाजूला होऊन वाट देत होते, एकाने दोरी वर धरली, आणि मागून वरमाई माझ्या काठ्या घेऊन चालत होत्या. मुलीच्या आईने कळंबात असं मिरवलं असतं, तर मीच तिला नावं ठेवली असती.

रविवारी नलिनीबाई नऊवारी नेसून तयार झाल्या. फोन कपाटावर उभा केलेला, त्यात आमचं अख्खं कळंब, आणि सगळ्यात पुढे थोरली जाऊ. माझ्या पायाला हे भलंमोठं बँडेज. नलिनीबाईंनी घडी न मोडलेली पांढरी चादर काढली आणि दारापासून पाळण्यापर्यंत स्वतः अंथरली.

"आज मान तुमचा," म्हणाल्या.

मला भरून आलं. डोळ्यांत पाणी, एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात नैवेद्याच्या वरणाची वाटी. पुढचं तुम्हाला दिसलंच असेल. डाग चादरीच्या बरोबर मधोमध पडला, पुरीएवढा.

नलिनीबाईंनी खाली बघितलं, वर माझ्याकडे बघितलं, नऊवारीचा काठ जरासा उचलला, आणि वळसा न घालता त्या वरणावरून चालत पाळण्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "द्या," म्हणाल्या, आणि हात पुढे केले. मी लंगडत पलीकडे गेले आणि पाळण्याखालून नातू दिला. सायली रडत होती. ह्या वेळी तिने नळ सोडला नाही.

फोनमधून जाऊबाईंचा आवाज आला, "मंदे, तुला पायघड्या घालता येत नाय, आन् त्यावरनं चालतापन येत नाय."

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच खरं बोलली.