उलटी गादी

गादीवालीला सगळा रस्ता कापूसकोंडी म्हणायचा, आणि त्यात कापसाचा वाटा फार थोडा होता. कापूसकोंड्याची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली आहे त्याला ठाऊक असतं, की त्या गोष्टीत गोष्ट नसतेच. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, पुढचा प्रश्न ठरलेला. हिचंही तसंच होतं. नळ दुरुस्त करणारा आला, की वायसर कशाचा, पूर्वी चामड्याचा असायचा तो आता का नसतो, आणि नळ थेंबथेंबच का गळतो, एकदम धार का लागत नाही? तो बिचारा पाना हातात धरून घामाघूम. दातांच्या डॉक्टरने मात्र तिचं तोंड उघडं ठेवायला लावून स्वतःची सुटका करून घेतली होती.

दुकान वडिलांचं. “त्यांची गादी मी चालवते, आणि आमच्यात गादी म्हणजे खरोखरच गादी,” हा विनोद ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायची आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायची. पुढे दुकान, मधे कापूस भरायची लांबट खोली, मागे राहायच्या दोन खोल्या. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. विचारायला आलेल्या मुलांना तिनेच इतकं विचारलं, की ते परत फिरकले नाहीत.

तिचा धाकटा भाऊ एका पूलच्या, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या, हॉलवर मार्कर होता. मार्कर म्हणजे बॉल मांडायचे, गुण सांगायचे, टेबलं झाडायची आणि हरलेल्याचा राग शांत करायचा. हे सगळं त्याने जन्मभर केलं. मग हॉल बंद झाला. मालकाने हॉलमधलं सगळ्यात जुनं टेबल त्याला आठवण म्हणून दिलं. पगार गेला, भाड्याची खोली सुटली, एकट्या जिवाला जायचं कुठे? भाऊ आणि टेबल एकाच टेम्पोतून बहिणीकडे आले. टेबल मधल्या खोलीत ठेवलं, भावाला मागच्या खोलीत जागा दिली, आणि त्या दिवसापासून दोघेही आडवे.

तिने त्याला दुकानातली सगळ्यात मऊ गादी घातली. शेजारणीलाही दम भरला, “त्याला काही विचारायचं नाही हं. जखम ओली आहे.” स्वतःच्या जिभेलाही तिने लगाम घातला, आणि ते सोपं नव्हतं.

भाऊ जेवायचा, आंघोळ करायचा, पुन्हा आडवा व्हायचा. एवढं तिने चालवून घेतलं असतं. तिला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने: तो गोड बोलायला लागला. हा माणूस जन्मात बहिणीशी सरळ बोलला नव्हता. आमटी खारट झाली तर ‘समुद्र आटवलास का’ म्हणणारा, ती दोन मिनिटं उशिरा आली तर दारातच पंचनामा करणारा. आता काहीही विचारा, “चालेल ताई,” “छान आहे ताई.” एक दिवस तिने मुद्दाम परीक्षा घेतली. टेबलावर अभ्रे पसरून कापायला घेतले आणि गरम चहाचा कप थेट टेबलाच्या काठावर ठेवला. हॉलमध्ये याच गुन्ह्यासाठी त्याने भल्याभल्यांना बाहेर काढलं होतं. तो पाणी प्यायला उठला होता, त्याने कप पाहिला.

“असू दे ताई,” म्हणाला आणि जाऊन झोपला.

भाऊ घरात होता आणि नव्हताही, आणि त्याला परत आणायचा कसा ते तिला सुचेना.

चिंतेने तिचे हात रिकामे राहत नसत. कापता कापता तिने एक बॉल हाताने ढकलला. तो काठाला जाऊन ‘थप्’ आवाज करून तिथेच बसला. दुसऱ्या काठाला ढकलला, तर वीतभर मागे आला आणि थांबला. आता हे काय? तिने हॉलमध्ये पाहिलं होतं, बॉल काठाला लागला की उसळून परत यायचा. मग हा का येत नाही? काठाच्या आत असतं तरी काय? प्रश्न पडला की तिला अन्न गोड लागत नसे. तिने पाना आणला, टेबलाखाली अर्थातच एक गादी अंथरली, तिच्यावर उताणी पडली आणि बोल्ट सैल करायला लागली.

काठ सुटून हातात आला. कापड एका खाचेत लाकडी पट्टी ठोकून अडकवलेलं होतं. पट्टी उचकटली, कापड सोललं, तर आत तिकोनी रबराची लांब गादी. गादी कसली, दगड! नख रुतेना, आणि पटाशी लावली तर भुगा पडायला लागला.

“अगं बाई, म्हणजे ही पण गादीच की!” ती मोठ्याने म्हणाली. आतून काही आवाज आला नाही.

आणि इथे गादीवालीने ती चूक केली, जी फक्त गादीवालीच करू शकते. गादी खराब झाली, तर गादी भरायची. तिने उत्तम कापूस घेतला, दाबून दाबून भरला, दाभणाने असे टाके घातले की बघत राहावं, आणि ती लांबोडकी गादी काठाला बसवून वर कापड ओढलं. बॉल ढकलला. बॉल गादीत शिरला आणि जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखा तिथेच बसला.

“छान झालंय ताई,” आतून आवाज आला. त्याने पाहिलंही नव्हतं.

तिला स्वतःचंच हसू आलं. सगळा जन्म तिने जी गादी केली तिचं काम एकच, आलेल्याला पोटात घ्यायचं आणि सोडायचं नाही. ही गादी मात्र आलेल्याला उभ्या उभ्या परत धाडते. अशा गादीला आपण काय म्हणून कापूस भरला?

ती खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, “बाई, त्यासाठी माणूस बोलवावा लागतो.”

“मग मी कोण आहे?” तिने विचारलं.

त्यानंतर रबर तिकोनीच का, त्याच्या एका बाजूला कापड का चिकटवलेलं, काळं चांगलं की लाल, असं तिने इतकं विचारलं, की शेवटी तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, “खरं सांगू? इतकी वर्षं विकतोय, हे मला कुणी विचारलं नाही.” रबराची भेंडोळी आणि सोल्युशनचा डबा घेऊन ती घरी आली. कापूस काढला, जुनं रबर खरवडलं, लाकूड पॉलिशपेपरने घासलं, रबराला आणि लाकडाला दोन्हीकडे सोल्युशन लावलं. बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, कारण एकदा टेकलं की टेकलं. तिने चहाचा कप शेजारच्या काठावर ठेवला, पहिली गादी चिकटवली, कापड ओढलं, काठ बोल्टांनी आवळला, आणि काठी घेऊन बॉलला चांगला टोला दिला.

बॉल काठाला लागला, टुणकन उडाला, काठ ओलांडून फरशीवर आपटला आणि गडगडत थेट भावाच्या पलंगाखाली गेला.

मग पलंग करकरला.

“उलटी लावलीस.” भाऊ दारात उभा होता, हातात बॉल.

“काय उलटी?”

“गादी! डोळे आहेत का बटणं? रबराचं नाक, हे टोक, वरच्या अंगाला हवं. ते बॉलला मध्याच्या जरा वर लागतं, म्हणून बॉल दबून राहतो. तू नाक खाली केलंस, त्याने बॉलला खालून उचलला. अक्कल गहाण टाकलीस का? आणि टोकं कशी कापलीस, उंदराने कुरतडल्यासारखी! आणि हा कप! हा कप कुणी ठेवला इथे?”

ती कप उचलून स्वयंपाकघरात पळाली आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. आनंदाने रडली. इतक्या प्रेमाच्या शिव्या तिने कितीतरी दिवसांत खाल्ल्या नव्हत्या.

भावाने स्वतः पटाशी घेऊन ती गादी काढली, सरळ लावून दाखवली, पुटपुटत हात धुतले. आणि पुन्हा जाऊन झोपला.

पुढचे काठ तिने एकामागून एक बरोबर लावले. हात मुळातच कसबी, एकदा कळल्यावर चुकणार कसा? प्रत्येक वेळी ती बॉल मारायची, बॉल खणखणीत परत यायचा, आणि आतून आवाज यायचा, “छान आहे ताई.” टेबल सुधारत होतं आणि भाऊ जिथल्या तिथे. मग तिने सरळ हिशेब मांडला: बरोबर लावली की हा आडवा, चुकीची लावली की उभा. शेवटचा काठ उरला होता. तिने रबर हातात घेतलं, नाक कुठे आहे ते नीट पाहिलं, आणि ठरवून उलटं चिकटवलं.

बॉल उडाला. पलंग करकरला. भाऊ आला, काठाजवळ वाकला आणि अंगठा फिरवून पाहिला. ती शिव्यांची वाट बघत उभी. पण तो ओरडला नाही.

“ही मुद्दाम लावलीस.”

“छे! चुकून.”

“टोकं बघ हिची. एक रेघ इकडची तिकडे नाही. सोल्युशनचा थेंब बाहेर नाही. इतकं साफ काम करणारा माणूस चुकून उलटं लावत नाही, ताई.”

“मग काय करू?” तिचा बांध फुटला. “नीट केलं की तू झोपतोस. तू भांडत नाहीस, आमटीला नावं ठेवत नाहीस. मला भीती वाटते रे तुझ्या गोड बोलण्याची.”

तो स्टूल ओढून बसला. बॉल एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

“परवा दुकानात कुणी छत्री विसरून गेलं,” तो म्हणाला, “तर छत्रीचा दांडा वाकडा का असतो, हे तू अख्ख्या रस्त्याला विचारून आलीस. मी आत पडून ऐकत होतो. आणि मला? हॉल बंद झाला, चंबूगबाळं घेऊन तुझ्या दारात आलो, तू एक शब्द विचारला नाहीस. मला वाटलं, जिथे कापूसकोंडीलासुद्धा काही विचारावंसं वाटत नाही, तिथे माझ्यात विचारण्यासारखं काही उरलेलंच नसणार.”

ती म्हणाली, “मला वाटलं, तुला लागेल.”

“लागेलच. लागू दे की.”

जिच्या तोंडातून प्रश्न कधी तुटले नव्हते तिला आता एक प्रश्न सापडेना. भाऊ वाट बघत होता. मग तो उठला, कोपऱ्यातली पटाशी घेतली आणि उलट्या रबराखाली हळूच सरकवली. तिने काठाचं दुसरं टोक धरलं.

“शेवटच्या दिवशी हॉलला कुलूप कुणी लावलं?” तिने विचारलं.

“मीच. मालक लावत होते, मी किल्ली मागून घेतली.”

“का?”

“दुसऱ्याचा हात लागू द्यावासा वाटला नाही.” रबर चर्रकन थोडं सुटलं. “मग खोलीवर निघालो. अर्ध्या वाटेवरून परत गेलो. म्हटलं, कुलूप नीट लागलंय का बघावं.”

“लागलं होतं?”

“लागलं होतं गं,” तो म्हणाला, आणि पटाशी टेबलावर ठेवून हमसून हमसून रडायला लागला.

ती त्याला गप्प हो म्हणाली नाही. काठाचं टोक तिने तसंच धरून ठेवलं. त्याने डोळे पुसून पटाशी पुन्हा उचलली, तेव्हा तिने पुढचा प्रश्न विचारला.